बोटांनी दिलेला होकार

आमचे रेव्हरंड टिस्डेल प्रवचन सांगत नाहीत, गातात. सुरुवात अगदी बोलल्यासारखी असते. चष्मा पुसतील, पाण्याचे दोन घोट घेतील, आठवड्यात कोण आजारी होतं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं याची विचारपूस करतील. मग हळूहळू शब्द लांबायला लागतात. ओळ संपली की श्वास ऐकू येतो, आणि नेमका त्या श्वासाच्या जागेत डावीकडून ऑर्गन बोलतो. रेव्हरंडांनी ओळ टाकली की तो ती उचलतो. ते अर्धा सूर चढले तर तो आधीच वर जाऊन त्यांची वाट बघत बसलेला असतो. मग हातातले पंखे थांबतात, बायका हॅट सावरत उभ्या राहतात, "बोला, पास्टर! थांबू नका!" असा गजर होतो. मी उशर. पांढरे हातमोजे घालून मागच्या दाराशी उभं राहायचं आणि भरून आलेल्या माणसाला सावरायचं, हे माझं काम. पण कित्येक रविवारी मलाच कुणीतरी सावरावं लागतं.

तो ऑर्गन म्हणजे आर्डेला प्रुइट. माझी शेजारीण आणि जिवाभावाची मैत्रीण. वय सत्तेचाळीस. रविवारी लिटल जॉर्डन बॅप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गनवर, आणि बाकीचे दिवस शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात. नदीचं पाणी चॅटनूगाच्या घराघरांत ढकलणारे जे पंप आहेत, त्यांची देखभाल तिच्याकडे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा टेक्ससला फौजेत आहे.

गेल्या वर्षी थंडी पडायच्या आधी, एका संध्याकाळी ती कुंपणापलीकडे झाडांना पाणी घालत होती. नळी हातात तशीच धरून मला म्हणाली, "ओपलीन, मी इंजिनिअरिंगला जाते."

"कुठे? काही बिघडलंय का?"

"अगं, शिकायला. कॉलेजात."

मी आधी हसले. मग तिचा चेहरा बघून थांबले.

"पंप कसा चालवायचा ते मला येतं," ती म्हणाली. "तो असाच का चालतो, ते येत नाही. पाइप इथे रुंद का, तिथे निमुळता का, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. मी नुसते त्यांचे नकाशे वाचत आले. आता मला त्या ठरवणाऱ्यांत बसायचंय. 'कसं' पुष्कळ झालं गं. मला 'का' हवंय."

"चांगलंय. आणि तुझे टोमॅटो बुडाले."

तिनं खाली बघितलं आणि नळी बंद केली. मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मम्मा, हॉस्टेलात पार्ट्या करू नकोस, मला कॉलेजातून तक्रारी यायला नकोत." त्या रात्री ती हसतच झोपली असणार, कारण सकाळी कामाला जाताना शीळ घालत होती.

तिनं दोन ठिकाणी अर्ज केले. एक मर्सीफील्ड कॉलेजला. ते अलाबामात, चार तासांच्या रस्त्यावर. आम्हा काळ्या लोकांनी आमच्याच मुलांसाठी काढलेलं जुनं कॉलेज, आणि आमचे रेव्हरंड तिथेच शिकलेले. दुसरा अर्ज इथल्या सरकारी विद्यापीठाला, कारण तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग होते. मर्सीफील्डचा होकार आधी आला. तो शनिवार होता. आर्डेलानं आनंदाच्या भरात रेव्हरंडांना फोन केला. सगळं सांगितलं. सांगायचं राहिलं ते एवढंच, की अजून काही ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रवचन पाण्यावर होतं. आजही ते कानात आहे.

"पाणी विचारत नाही..." रेव्हरंड हलक्या आवाजात म्हणाले, आणि ऑर्गननं हुंकार दिला.

"पाणी विचारत नाही, तू पहाटे आलीस..."

"विचारत नाही!" आम्ही.

"की दिवस मावळताना आलीस!"

"सांगा, पास्टर!"

"पाणी विचारत नाही, तुझे केस काळे आहेत, की पांढरे झाले! नदी म्हणत नाही, बाई, तुझी वेळ टळली! नदी म्हणते, घागर आण!"

एव्हाना सगळं चर्च उभं होतं. रेव्हरंडांचा आवाज टिपेला पोचला होता, कपाळावरून घाम निथळत होता, आणि ते ऑर्गनकडे हात करून गायले, "आणि आपली सिस्टर आर्डेला, घागर घेऊन निघाली! आपली आर्डेला, मर्सीफील्डला निघाली!"

ऑर्गन दणाणला. दोन्ही हात, दोन्ही पाय, होता नव्हता तो सगळा सूर. मंडळीनं आमेन म्हणून छत डोक्यावर घेतलं. मी मागून बघत होते. आर्डेलाचे हात ऑर्गनच्या पट्ट्यांवर होते आणि चेहरा असा, की ते हात दुसऱ्याच कुणाचे असावेत. वर्षानुवर्षं रेव्हरंडांनी ओळ टाकली की बोटं ती उचलत आली होती. याही वेळी उचलली. तिला कळायच्या आत तिच्या बोटांनी होकार देऊन टाकला.

आता आमच्याकडचं एक सांगायला हवं. चर्चच्या छापील पत्रकात काही आलं, तर त्यावर वाद घालता येतो. पुढच्या आठवड्यात दुरुस्तीही छापतात. पण जे पास्टरांनी गायलं, ऑर्गननं उचललं आणि सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं, ते देवासमोर झालं. त्याची दुरुस्ती आजवर कुणी छापलेली नाही.

उपासनेनंतर खालच्या हॉलमध्ये जेवण असतं. आर्डेलाच्या ताटात अजून कोंबडीचा तुकडाही पडला नव्हता, तेवढ्यात मदर बौड्री काठी टेकत आल्या. चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाई, पहिल्या बाकावर पांढरी हॅट घालून बसतात, आणि रेव्हरंडसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय फुलदाणी हलवत नाहीत. त्यांच्या हातात शिवणाची टेप होती.

"सरळ उभी राहा, पोरी. विद्यार्थ्यांच्या रविवारसाठी तुझा खांद्यावरचा पट्टा शिवायचाय. जांभळा आणि सोनेरी. मर्सीफील्डचे रंग."

"मदर, ते अजून तसं काही..."

"श्वास आत घे."

आर्डेलानं श्वास आत घेतला. माप झालं.

हा विद्यार्थ्यांचा रविवार आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी असतो, कारण कॉलेजांना एक मेपर्यंत पक्कं कळवावं लागतं. कॉलेजात निघालेली मुलं खांद्यावर पट्टा घालून उभी राहतात, पास्टर एकेकाचं नाव गातात, आणि मूल सगळ्यांदेखत आपल्या कॉलेजचं नाव घेतं. ते नाव घेतलं की ठरलं.

मार्चमध्ये मी आर्डेलाला गाडीतून मर्सीफील्डला घेऊन गेले. लाल विटांच्या इमारती, मोठमोठे ओक, मधोमध प्रार्थनामंदिर. दाराशी एक गोड मुलगी नावाच्या फिती वाटत होती. आर्डेलाकडे बघून म्हणाली, "मॅम, पालकांच्या फिती त्या टेबलावर."

आर्डेला मुकाट्यानं त्या टेबलाकडे गेली आणि पालकाची फीत लावून आली.

"अगं, सांग ना तिला!" मी म्हणाले.

"असू दे. पालकांना कॉफी आहे."

पण दुपारी प्रार्थनामंदिरात तिथल्या मुलांनी गायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीलाच आर्डेलाचे डोळे भरून आले. माझेही आले. आपलीच माणसं, आपलाच सूर, आणि तोही विशीतल्या कोवळ्या गळ्यांतून. मी तर तिथेच मनात ठरवून टाकलं, की हिनं इथेच यावं.

मग प्रवेश विभागातल्या बाईंनी समोर बसवून सगळं समजावलं. बाई फार चांगल्या. "तुम्ही आलात तर आम्हाला अभिमान वाटेल," असं म्हणाल्या आणि ते मनापासून म्हणाल्या. पण वर्ग सगळे दिवसा, म्हणजे नोकरी सोडून यायचं. आणि विशीत आई अंथरुणाला खिळायच्या आधी आर्डेला आमच्या गावातल्या छोट्या कॉलेजात जे काही शिकली होती, ते आता फार जुनं झालं, ते धरता येत नाही. पहिल्यापासून सुरुवात.

परतताना आर्डेला बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"कसं वाटलं?"

"घरासारखं."

"मग?"

"घर सोडून घरासारख्या ठिकाणी राहायला जायचं," ती म्हणाली.

मग विद्यापीठाचाही होकार आला, आणि एका संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. तिथे ना ओक, ना गाणं. गाडी लावायला जागा शोधण्यातच माझा जीव गेला. सल्लागार म्हणून एक नोविकी नावाचे गृहस्थ होते, टायवर बिस्किटाचा भुगा, टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी अभिमानबिभिमान काही काढला नाही. आर्डेलाची जुनी गुणपत्रिका बोटानं वाचत गेले.

"हे चालेल. हेही चालेल. हे... चालवून घेऊ. गणित पुन्हा करावं लागेल."

"पुन्हा?"

"आठवतंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग पुन्हा." त्यांनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. "दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. लांबतं. मध्येच रडू येतं. पण पदवी तीच, आणि पुढे नकाशावर सही करायचा परवाना मिळवायलाही तीच चालते. पाण्याची प्रयोगशाळा बघितलीत? आत्ता वर्ग चालू असेल."

वर्गात बहुतेक आमच्याच वयाकडे झुकलेली माणसं होती. एक जण अजून कारखान्याच्या बुटांत होता, एक बाई डब्यातलं सँडविच खात लिहून घेत होत्या. मध्ये एक लांबलचक काचेची नळी, आतून पाणी वाहतंय, आणि त्या पाण्यात शाईची एक बारीक धार सोडलेली. ती शाई सुईतल्या दोऱ्यासारखी सरळ चालली होती. शिकवणाऱ्या बाईंनी तोटी जराशी उघडली. दोरा थरथरला. आणखी उघडली, आणि एका क्षणी तो दोरा फुटला, पिंजला, सगळ्या पाण्यात विखरून गेला.

आर्डेला काचेला नाक लावून उभी होती.

"ओपलीन," ती पुटपुटली, "हे रोज माझ्या पाइपात होतं. मला आवाज माहीत आहे याचा. नुसता आवाज. तोंड आज बघितलं."

तिची बोटं काचेवर हलत होती. ऑर्गनवर नवा सूर सापडला की हलतात तशी. मी काय समजायचं ते समजले, आणि मनातल्या मनात मर्सीफील्डच्या मुलांची माफी मागितली.

फक्त एक गोष्ट आडवी आली. वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळ, आणि त्यातली एक बुधवार. बुधवार म्हणजे आमची प्रार्थनासभा आणि त्यानंतर गायकवृंदाची तालीम. बुधवारी ऑर्गन नाही, असं लिटल जॉर्डनमध्ये कुणी ऐकलेलं नाही.

"आधी रेव्हरंडांना सांग," मी म्हणाले. "मर्सीफील्ड नाही म्हणून. बुधवारचं मग बघू."

ती शनिवारी दुपारी त्यांच्या घरी गेली. मी पायरीवर वाट बघत बसले. परत आली तेव्हा एका हातात केक होता आणि डोक्यावर जांभळी टोपी.

"सांगितलंस?"

"केक दिला त्यांनी."

"म्हणजे नाही सांगितलंस."

"टोपी पण दिली." ती माझ्या शेजारी बसली. "त्यांची स्वतःची, कॉलेजातली. फोटो दाखवला, कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवताना. केवढे बारीक होते माहितीये? आणि इतके खूश होते, ओपलीन, की माझं तोंडच उघडेना."

"मग आता?"

"त्यांनी देवासमोर म्हटलं. मी देवासमोर वाजवलं. आता मी म्हणू, की पास्टर खोटं बोलले? की माझा ऑर्गन खोटं बोलला?" तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मर्सीफील्डला जायचं तर नोकरी गेली, आणि मला ते झेपणारही नाही. इथे शिकायचं तर त्यांचं नाक कापायचं. त्यापेक्षा राहू दे सगळंच. पंप काय, 'का' न कळताही चालतात."

मी केक कापला. पण त्या रात्री प्रार्थना करताना मी देवाला दुसरं काही मागितलं नाही. म्हटलं, प्रभू, तिच्या बोटांना थोडी अक्कल दे.

विद्यार्थ्यांच्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. गायकवृंदानं जांभळे रुमाल लावले होते. पुढच्या बाकावर तीन मुलं, अठरा-अठरा वर्षांची, पट्टे घालून बसलेली, आणि ऑर्गनवर जांभळा-सोनेरी पट्टा घातलेली आर्डेला. मदर बौड्रींनी पट्ट्याला झालर लावली होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजांना उत्तर द्यायचं होतं.

रेव्हरंडांनी एकेक नाव गायलं. एकेक मूल उभं राहिलं, कॉलेजचं नाव घेतलं, ऑर्गन दणाणला, आयांनी डोळे पुसले. आर्डेलाला त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

"पाणी विचारत नाही..." ते गायले, आणि सगळ्यांना ओळखीचं वाटून हुंकार उठला.

"बोला, पास्टर!"

"नदी म्हणते, घागर आण!"

ऑर्गननं उचललं.

"आणि आपली आर्डेला निघाली..."

उचललं.

"मर्सीफील्डला निघाली!"

काही नाही.

कागदी पंख्यांची सळसळ तेवढी ऐकू आली. रेव्हरंडांना वाटलं, चुकली असेल. त्यांनी अर्धा सूर चढवून ओळ पुन्हा टाकली. "मर्सीफील्डला..." खाली आधार नसलेला तो सूर चिरकला आणि थांबला. दोन्ही हात मांडीवर ठेवून आर्डेला समोर बघत होती. त्या हातांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं होतं.

रेव्हरंड वळले. "सिस्टर, ऑर्गन बिघडला का?"

"नाही, रेव्हरंड. ऑर्गन ठीक आहे."

"मग?"

"ही ओळ मला उचलता येत नाही. मागच्या वेळी बोटांनी उचलली. त्यांनी मला विचारलं नव्हतं."

"प्रभू, दया कर," मागून कुणीतरी म्हणालं.

"मोठ्यानं बोल, पोरी," पहिल्या बाकावरून मदर बौड्री म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू जात नाही."

आर्डेला उठून उभी राहिली. खांद्यावरच्या पट्ट्याची झालर सरळ केली. "मी इथेच शिकणार आहे. आपल्या गावात, संध्याकाळच्या वर्गात. सांगायला उशीर झाला, त्याची मी माफी मागते. पण देवाच्या घरात मी तीच ओळ पुन्हा वाजवू शकत नाही, कारण ती खरी नाही."

रेव्हरंड व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली आले. प्रवचनाच्या मध्ये ते कधीही उतरत नाहीत. ऑर्गनपाशी येऊन उभे राहिले, आणि बोलले ते साध्या आवाजात, घरच्यासारखे.

"मला हीच भीती होती. तू माझ्यासाठी थांबतेयस."

"रेव्हरंड..."

"ऐकून घे. त्या रविवारी गाण्याच्या भरात तोंडातून निसटलं, ते खरं. पण नंतर मी ते मागे घेतलं नाही, ते मुद्दाम. म्हटलं, सगळ्यांदेखत झालंय, आता हिला परत फिरता येणार नाही. म्हाताऱ्याच्या सुराला टेकू द्यायला म्हणून तू अडकून राहू नयेस, एवढंच मनात होतं. मी तयारीही केलीय. दोन महिने स्वयंपाकघरात ऑर्गनशिवाय गातोय."

"आम्हाला माहीत आहे," मदर बौड्री म्हणाल्या. "खिडकी लावून घेत जा."

चर्च खदखदून हसलं. रेव्हरंडही हसले, पण डोळे पुसतच. आर्डेला मात्र त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला वाटत होतं त्यांचं मन मोडेल, त्यांना वाटत होतं तिचा पाय अडकेल, आणि दोघांनी महिनोन्महिने एकमेकांना केक आणि टोप्या दिल्या होत्या.

"रेव्हरंड," ती म्हणाली, "रागावू नका, पण मी तुमच्यासाठी थांबत नाहीये."

"नाही?"

"अजिबात नाही. मी पाण्यासाठी थांबतेय." मग तिनं त्या काचेच्या नळीचं सांगितलं. शाईचा दोरा कसा सरळ चालतो, आणि तोटी उघडली की कसा थरथरतो, कसा फुटतो. हात हलवून हलवून सांगत होती. "तुम्ही ज्या पाण्यावर गायलात ना, त्याचं तोंड मी तिथे बघितलं. मर्सीफील्ड मला घरासारखं वाटलं, खोटं नाही सांगत. रडले मी तिथे. पण घर मला आहे. हे काय, इथे उभं आहे सगळं. मला ती काच हवीय."

"आमेन," मी दारातून म्हणाले. उशरनं मध्ये बोलायचं नसतं, पण बोलले.

"आणि खरं सांगायचं तर," आर्डेलाचा आवाज खाली गेला, "तुमची उलट अडचणच होणार आहे. वर्ग बुधवारी आहे."

"बुधवारी!"

मर्सीफील्ड हातचं गेलं तेव्हा जेवढा झाला नव्हता, तेवढा गलका आता झाला. गायकवृंदातल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. मग हळूहळू सगळ्यांच्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. बुधवार हा मदर बौड्रींचा. बर्फ पडला तरी त्यांनी तो कधी हलू दिला नव्हता.

मदर बौड्रींनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि जरा वेळ डोळे मिटले. मला वाटलं, झालं.

"मी लहान होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा आमच्या गावच्या चर्चात ऑर्गन कुठला? लाकडी जमीन होती आणि आमचे पाय होते. देव यायचा बरं का. रस्ता चुकायचा नाही." त्यांनी डोळे उघडले. "प्रार्थना बुधवारी होईल, पायांवर. तालीम शनिवारी सकाळी. ज्यांना शनिवारी सकाळी झोपायचं असेल त्यांनी माझ्या घरी येऊन मला तसं सांगावं."

कुणी हललं नाही.

"आणि पास्टर, आता ती ओळ नीट करून म्हणा. पोरगी केव्हाची उभी आहे."

रेव्हरंड पायऱ्या चढले. चष्मा पुसला. पाण्याचे दोन घोट घेतले. खालच्या सुरात सुरुवात केली, जवळजवळ बोलल्यासारखी.

"मला घाई झाली, प्रभू..."

"मदत कर, प्रभू!" आम्ही.

"मला वाटलं, नदी लांबच असते..."

आर्डेला बसली. तिनं हात उचलले, पण ऑर्गनच्या पट्ट्यांवर ठेवले नाहीत.

"पण पाणी विचारत नाही, तू लांबच्या काठावर भरलंस..."

"विचारत नाही!"

"की घरामागच्या! पाणी विचारत नाही, तू दिवसा भरलंस, की कामावरून सुटून भरलंस! आपली आर्डेला निघाली! आपली आर्डेला, घरामागच्या काठावर निघाली!"

मी मागून नीट बघितलं. या वेळी आधी तिची मान हलली, हो म्हणून. मग बोटं खाली आली. त्यानंतर जे झालं त्याचं मला फारसं सांगता येत नाही, कारण मलाच दोन उशरांनी धरून खुर्चीत बसवलं, आणि हातमोजे काढून माझ्यावर पंखा हलवला.

सोमवारी आर्डेलानं विद्यापीठाला होकार कळवला. गणिताचं पुस्तक घेऊन आली आणि पहिल्याच पानावर मला हाक मारली. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस बाई, मी केक करते.

जांभळा-सोनेरी पट्टा मात्र वाया गेला नाही. मदर बौड्रींनी तो उसवला, आत कापूस भरला, आणि ऑर्गनच्या बाकावर घालायला झालरीची गादी करून दिली.

"मदर, अहो, माझं कॉलेज!" रेव्हरंड कळवळले. "त्यावर बसणार ती?"

"मग काय झालं? चांगल्या कॉलेजानं माणसाला आधार द्यायचा असतो. कुठून का देईना."

ऑगस्टमध्ये तिचे वर्ग सुरू झाले, त्या पहिल्या बुधवारी आम्ही प्रार्थनेला जमलो. ऑर्गनचं झाकण लावलेलं होतं, बाकावर नुसती गादी. रेव्हरंड उभे राहिले, चष्मा पुसला, आणि गायला लागले. सूर धरून ठेवायला कुणी नव्हतं, त्यामुळे पहिली ओळच फार वर गेली आणि मध्ये अडकली. त्यांनी सवयीनं डावीकडे बघितलं.

मदर बौड्रींनी काठी जमिनीवर आपटली.

"खालच्या सुरात घ्या, पास्टर. आज पोरगी शाळेत आहे."

रेव्हरंडांनी खालचा सूर घेतला, आणि आम्ही पायांनी ताल धरला.